कालवं

सुकती लागली की काळबादेवीच्या खाडीत
भागामावशी शिवलकर पदर खोचून उतरते.
एका हातात कोयती, दुसऱ्यात डालड्याचा जुना डबा.
मी काठावर, चपला हातात घेऊन,
डोक्यात अजून कालचे नऊ मायक्रोव्होल्ट.

नऊ यायला नको होते. शून्य हवं होतं.

उणे एकशे शहाण्णव अंशांवर
माझ्या काळ्या पापुद्र्यातून वीज
कुठेही न अडता, न तापता जायची असते.
इट्रियम, बेरियम, तांबं, प्राणवायू;
जाडी केसाच्या चारशेव्या भागाइतकी.
नायट्रोजन कोल्हापूरहून आला,
घाट उतरेतो निम्मा उडून गेलेला.
उरलेल्यात पापुद्रा बुडवला. शून्य.
चुंबक जवळ सरकवला,
वीज दोनशे मिलिअँपिअरवर नेली,
आणि मीटर जागा झाला.
काझी सर चष्मा पुसत म्हणाले,
फारच स्वच्छ केलात तुम्ही.

चुंबकाचं बळ पापुद्र्यात सरसकट शिरत नाही.
थेंबाथेंबाने शिरतं, प्रत्येक थेंब एकाच मापाचा,
भोवती विजेची गरगर,
आणि मध्ये, अगदी मध्ये,
ज्यासाठी एवढा खटाटोप केला ते काहीच नसतं.
असे भोवरे. लाखांनी. रांगा धरून.
वीज निघाली की त्यांना पुढे नाही ढकलत,
आडवं ढकलते,
होडीचं तोंड पैलतीराकडे
आणि ओढ तिला मुखाकडे नेते, तसं.
भोवरा सरकला की ऊब येते.
इतकीशी. माशीच्या पंखालाही कळणार नाही.
पण शून्य तेवढ्यानेच मोडतं.

मोठा काळा धोंडा आला,
मावशी थांबलीही नाही.
हा का सोडलास?
"लाटांनी घासलाय तो. त्यावर नाय धरत कालवं.
भोकाभोकाचा जांभा बघ."
मग ती वाकली, कोयतीचं टोक
एका भोकाच्या कडेला लावलं,
आणि मला दिसलं, पाणी दगडावरून
मुकाट वाहत होतं,
कालवं जागची हलत नव्हती.

कपाटात एक पापुद्रा होता.
भट्टी तापलेली असताना लाईट गेली, त्या दिवसाचा.
आत खडे धरलेले, वर पुरळ उठल्यासारखं,
मी डबीवर लिहिलं होतं, खराब.
सोमवारी तो बुडवला.
दोनशे. मीटर गप्प.
चारशे. गप्प.
पाचशे ऐंशीला कुठे पहिला भोवरा सुटला असावा.
काझी सरांनी चहा मागवला, बोलले काही नाहीत.

मग मला हाव सुटली.
पुढच्या द्रावणात मी मुद्दाम खडे मिसळले, दुप्पट, चौपट,
आणि त्यातून वीज जाईचना.
जायला वाटच उरली नव्हती.
हे मावशीला सांगितलं तर हसली.
"फार भोकाचा असला तर कोयतीसरशी फुटतो.
दगड तरी शिल्लक पायजे ना, बाय."

आणि धरलेलेही कायमचे धरलेले नसतात.
त्या थंडीतही थोडी धुगधुग असतेच,
एखादा भोवरा आपल्या खड्ड्यातून
रात्रीत केव्हातरी उडी मारतो, शेजारच्यात बसतो.
पहिल्या तासात जेवढे सरकतात
तेवढेच पुढच्या दहा तासांत,
तेवढेच पुढच्या शंभरांत.
हे मी तिला सांगितलं नाही. सांगता आलं नाही.

तिने विचारलं ते भलतंच:
"तुझ्या त्या भोवऱ्यात मधी काय असतं?"
भोक, मी म्हटलं.
"आणि ते जाऊन बसतं कशात?"
भोकातच.
ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली,
मग कोयतीने एक कालव उघडलं,
खाऱ्या पाण्यात खळबळून माझ्या तळहातावर ठेवलं.

पलीकडे साखरतरच्या बाजूने
भरतीची पहिली रेघ दिसायला लागली होती.
डबा अजून अर्धाच होता.
चल लवकर, ती म्हणाली,
आणि पुन्हा वाकली.